सिफिलिसचं इंजेक्शन घेऊन सहा महिने झाले, तरी टीपीएचए पॉझिटिव्ह. पुन्हा इंजेक्शन घ्यावं का?

तुम्ही दिलेले आकडे असे: इंजेक्शनच्या दिवशी व्हीडीआरएल (आजाराचा जोर आकड्यात सांगणारी रक्तचाचणी) १:३२, आता १:८, आणि टीपीएचए तेव्हाही पॉझिटिव्ह, आताही. नवी जखम किंवा पुरळ नसेल आणि मधल्या काळात पुन्हा लागण होण्याजोगा संबंध आला नसेल, तर उपचार लागू पडलाय. निव्वळ टीपीएचएच्या रिपोर्टवरून दुसरं इंजेक्शन घेऊ नका.

टीपीएचए ही सिफिलिसच्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं पकडते. ती बहुतेकांच्या रक्तात जन्मभर राहतात, उपचार कितीही चोख झाला तरी. त्यामुळे ही चाचणी कधीतरी लागण झाली होती का, एवढंच सांगते. बरं झालो का हे बघायला ती पुन्हा पुन्हा करणं म्हणजे फुकटचा मनस्ताप.

बरं होणं मोजतात व्हीडीआरएल किंवा तिच्यासारख्याच आरपीआर या रक्तचाचणीने. आरपीआरच्या कार्डावर सीरमच्या (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या पाण्याच्या) थेंबात कोळशाची बारीक पूड घातलेलं अँटिजेन (प्रतिपिंडं ज्याला चिकटतात तो पदार्थ) मिसळतात आणि कार्ड यंत्रावर आठ मिनिटं फिरवतात. ही चाचणी पकडते ती प्रतिपिंडं (टीपीएचएहून वेगळी, उपचारानंतर घटणारी) असली तर काळे कण गोळा होऊन गुठळ्या दिसतात. नसली तर थेंब एकसारखा राखाडी राहतो. मग सीरम दर पायरीला दुप्पट पातळ करत जातात: १:२, १:४, १:८. ज्या शेवटच्या पायरीवर गुठळ्या दिसल्या तो टायटर. एका पायरीचा फरक नुसत्या वाचण्यातही पडू शकतो, त्यामुळे १:८ चं १:१६ झालं म्हणून झोप उडवून घेऊ नका. दोन पायऱ्यांचा, म्हणजे चौपट फरक खरा धरायचा. ३२ वरून ८ ही बरोबर चौपट घट आहे.

मात्र दोन्ही वेळा चाचणी एकच हवी, शक्यतो लॅबही एकच. व्हीडीआरएल आणि आरपीआरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, आणि निम्मे घोळ इथेच होतात असं माझं मत आहे. काहींचा टायटर १:१ किंवा १:२ वर वर्षानुवर्षं अडकून राहतो, तेवढ्याने आजार जिवंत आहे असं होत नाही. टायटर चौपट वाढला आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासूनही तसाच राहिला, तर मात्र पुन्हा लागण झाली असेल किंवा उपचार अपुरा पडला असेल.

पहिली जखम आपोआप भरली होती, मग इंजेक्शन लागलंच का, असंही तुम्ही विचारलंय. लागलंच. ती जखम लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी येते (१० ते ९० दिवसांत कधीही), सहसा दुखत नाही, कडा बोटाला टणक लागतात आणि तीन ते सहा आठवड्यांत औषधाशिवायही भरते. जंतू तोवर रक्तात गेलेले असतात. पुढे काही आठवड्यांनी तळहात-तळपायांवर तांबूस, बहुधा न खाजणारे डाग उठतात, केस पुंजक्यांनी गळतात. हेही आपोआप जातं. नंतर वर्षानुवर्षं काहीच दिसत नाही आणि काहींच्या महाधमनीला किंवा मेंदूला इजा होते. डोळे, कान आणि मज्जासंस्था मात्र कोणत्याही टप्प्यावर सापडू शकतात. नजर धूसर झाली, ऐकू कमी येऊ लागलं तर सहा महिन्यांच्या तपासणीची वाट बघत बसू नका.

जखम ताजी असताना व्हीडीआरएल निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा दोन-चार आठवड्यांनी पुन्हा करावी. उलट गरोदरपण, ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार), मलेरिया, कुष्ठरोग यांत ती खोटी पॉझिटिव्हही येते. टीपीएचए जोडीला करतात ती यासाठी.

लागण होऊन वर्ष झालं नसेल तर बेंझाथिन पेनिसिलिन २४ लाख युनिट एकदाच. जुनी असेल किंवा कधीची ते कळत नसेल तर तेवढाच डोस दर आठवड्याला, असे तीन. हा जंतू फार सावकाश वाढतो, एकाचे दोन व्हायला तीसेक तास घेतो, म्हणून पेनिसिलिन रक्तात थोडं पण सलग कित्येक दिवस राहावं लागतं. बेंझाथिन ते काम करतं. औषध दाट, दुधाळ असतं, बारीक सुईत अडकतं. १२-१२ लाख दोन्ही कुल्ल्यांत खोल, सावकाश देतात. शिरेत कधीच नाही. पहिल्या २४ तासांत ताप, थंडी, अंगदुखी आली तर ती मरणाऱ्या जंतूंवरची प्रतिक्रिया असते. ॲलर्जी समजून पुढचे डोस सोडू नका. अंगावर गांधी उठल्या किंवा श्वास अडला तर गोष्ट वेगळी, लगेच दवाखाना गाठा. पेनिसिलिन चालत नसेल तर डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस. जुन्या लागणीला २८ दिवस. गरोदर बाईला मात्र पेनिसिलिनच द्यावं लागतं, ॲलर्जी असली तर रुग्णालयात अगदी थोड्या डोसपासून वाढवत शरीराला त्याची सवय लावून. मेंदू किंवा डोळ्यापर्यंत पोचलेल्या आजाराला हे इंजेक्शन पुरत नाही. तिथे दुसरं पेनिसिलिन १० ते १४ दिवस शिरेतून देतात.

जोडीदाराचं काय झालं ते तुम्ही लिहिलेलं नाही. निदानाच्या आधीच्या ९० दिवसांत ज्यांच्याशी संबंध आला त्यांची चाचणी निगेटिव्ह असली तरी त्यांना उपचार देतात, कारण इतक्या लवकर ती फसवू शकते. त्यांचा उपचार राहून गेला असेल तर आधी तो करून घ्या. एकदा झाल्याने संरक्षण मिळत नाही, आजार पुन्हा होतो. एचआयव्हीची तपासणी केली नसेल तर तीही करा. पुढची व्हीडीआरएल इंजेक्शनपासून बाराव्या महिन्यात, त्याच लॅबमध्ये.