रूपांतर, भाषांतर की माध्यमांतर?

सांगलीच्या एका वाचकाची विचारणा आहे: "आमच्या वाचनालयात परदेशी नाटकांवरचे चित्रपट दाखवायचे ठरलंय. 'ओंकारा', कुरोसावाचा 'रान', कोझिन्त्सेव्हचा रशियन 'हॅम्लेट' आणि मराठी 'नटसम्राट'. पत्रिकेत चारींपुढे 'शेक्सपिअरच्या नाटकाचे रूपांतर' असं छापलं तर चालेल का?"

चारींपुढे नको. समासाच्या शेवटी 'अंतर' आलं की त्याचा अर्थ 'दुसरा' असा होतो. देशांतर म्हणजे दुसरा देश, जन्मांतर म्हणजे दुसरा जन्म. तेव्हा बदललं काय, हे आधी बघायचं. फक्त भाषा बदलली तर भाषांतर. रंगमंचावरून पडद्यावर आलं तर माध्यमांतर. मुलूख, माणसं, नातीगोती, रीतभात असं सगळंच नव्यानं घडवलं, तर ते रूपांतर.

हा भेद आपल्याच भागात जुना आहे. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिलं. व्हेनिस गेलं, डेस्डिमोनाची कमळजा झाली. हे रूपांतर. त्याआधी १८८३ साली कऱ्हाडजवळच्या टेंभूच्या गोपाळ गणेश आगरकरांनी 'विकारविलसित' लिहिलं आणि उपशीर्षकातच 'हॅम्लेट नाटकाचे भाषांतर' असं सांगितलं. साताऱ्याचं नाव मिरवणाऱ्या शाहूनगरवासी नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर गाजवलं. त्यातला हॅम्लेट चंद्रसेन झाला आहे, तरी आगरकर त्याला भाषांतरच म्हणतात, कारण मूळ नाटकाची वाट त्यांनी सोडलेली नाही. नुसती नावं बदलली म्हणून रूपांतर होत नाही, ते असं.

आता 'ओंकारा' (२००६) घ्या. मूळ 'ऑथेल्लो'त सगळा घात एका रुमालामुळे होतो. ऑथेल्लोच्या आईला एका इजिप्शियन बाईनं दिलेला तो रुमाल. आपल्याकडे घराण्याची ठेव म्हणून रुमाल कोण देतं? विशाल भारद्वाजनं त्या जागी कमरबंद आणला. पिढीजात दागिना, सुनेच्या अंगावर घालायचा. तो परक्या माणसाकडं दिसला की नवऱ्याच्या मनात काय येईल, हे आपल्याकडच्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. मला तर हे एकच उदाहरण 'रूपांतर' शब्दाचा अर्थ सांगायला पुरेसं वाटतं. शिवाय नाटकाचा चित्रपट झाला, म्हणजे माध्यमांतरही झालंच. पण मोठा बदल ज्याचा, त्याचा शब्द छापावा.

'रान' (१९८५) तर त्याच्याही पुढं जातो. 'किंग लिअर' नाटकातल्या राजाच्या तीन मुलींच्या जागी तीन मुलगे आले, कारण जपानमधल्या त्या लढायांच्या काळात राज्याची वाटणी मुलींत झालेली पटली नसती. त्यात कुरोसावानं मोरी मोतोनारी या जपानी सरदाराची कथाही मिसळली. त्यामुळे इथं 'स्वैर रूपांतर' म्हणावं.

कोझिन्त्सेव्हचा 'हॅम्लेट' (१९६४) वेगळा. संवाद कवी पास्तरनाकच्या रशियन भाषांतरातले, पण राजवाडा डेन्मार्कचाच आणि राजपुत्रही हॅम्लेटच. त्याला रूपांतर म्हटलं तर वाचक उगाच रशियन जमीनदाराच्या वाड्याची वाट बघत बसेल. तिथं 'रशियन भाषांतरावरून माध्यमांतर' असं लिहा.

'नटसम्राट'च्या बाबतीत मात्र जपून. शिरवाडकरांचं नाटक 'किंग लिअर'वरून प्रेरित आहे, पण गणपतराव बेलवलकर हा म्हातारा नट, त्याचं घर, त्याची भाषा हे सगळं त्यांचं स्वतःचं आहे. साताऱ्यात जन्मलेल्या डॉ. श्रीराम लागूंनी १९७० साली तो रंगमंचावर उभा केला. २०१६ चा चित्रपट शिरवाडकरांच्या नाटकावरचा. म्हणजे मराठीतून मराठीत, नुसतं माध्यमांतर. तिथं शेक्सपिअरचं नाव आधी घालून शिरवाडकरांना मागं ढकलू नका.

हल्ली सगळीकडे 'आधारित' लिहितात. चूक नाही, पण त्यातून बदल किती झाला ते कळत नाही. आपल्याकडं 'बेतलेला' हा फार नेमका शब्द आहे. शिंपी कापड घालणाऱ्याच्या अंगानं बेततो, तशी परक्या मुलखातली गोष्ट आपल्या माणसांच्या मापानं बेतायची. 'ओंकारा'पुढं मी तरी हाच शब्द छापीन. फक्त विभक्तीकडं लक्ष द्या: 'ऑथेल्लोचे रूपांतर', पण 'ऑथेल्लोवरून बेतलेला'. पत्रिकांत हमखास दिसणारं 'ऑथेल्लोवरचे रूपांतर' टाळा.