टॉर्कला ‘पीळ’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: स्पोर्ट बाइकविषयी मराठीत लिहिताना ‘टॉर्क’साठी, म्हणजे इंजिनाच्या फिरवण्याच्या जोरासाठी, ‘पीळ’ चालेल, की ‘आघूर्ण’ लिहावं? आणि ‘या इंजिनाची ताकद ६१.७ न्यूटन-मीटर आहे’ हे वाक्य बरोबर आहे का?

आधी वाक्याचं बघू, कारण खरा घोळ तिथे आहे. ६१.७ न्यूटन-मीटर हा आकडा यामाहा आर-६ चा. २५ सेंटिमीटर लांबीचा पाना नटाला आडवा लावून त्याच्या टोकाला २५ किलो वजन टांगलं, की नटावर जवळजवळ एवढाच टॉर्क येतो. म्हणजे घट्ट बसलेला नट सोडवताना आपला हातही तेवढा जोर लावतो! हाताला जमत नाही ते पुढचं: तोच जोर कायम ठेवून मिनिटाला १०,५०० फेरे मारणं. टॉर्क सांगतो किती जोराने फिरवलं. तो जोर किती वेगाने फिरत राहिला हेही धरलं, की मिळते ती पॉवर. शास्त्राच्या मराठीत तिला ‘शक्ती’ म्हणतात आणि ती किलोवॅटमध्ये किंवा अश्वशक्तीत मोजतात, न्यूटन-मीटरमध्ये नाही.

रॉयल एनफिल्ड क्लासिक ५०० शेजारी ठेवा. तिचा टॉर्क ४१.३ न्यूटन-मीटर, आर-६ चा त्याच्या जेमतेम दीडपट. शक्ती मात्र क्लासिकची सुमारे २० किलोवॅट आणि आर-६ ची ८७. कारण आर-६ च्या पिस्टनची धाव फक्त ४२.५ मिलिमीटर, क्लासिकची ९०. धाव आखूड, पिस्टन हलके, म्हणून इंजिन १४,५०० फेऱ्यांपर्यंत जाऊनही टिकतं. दोन्ही आकड्यांना ‘ताकद’ म्हटलं तर हा सगळा फरक त्या एका शब्दात बुडतो.

आता ‘पीळ’. व्युत्पत्तीने तो अगदी जवळचा, कारण टॉर्कच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थच पिळणे. पण मराठीत पीळ वस्तूत असतो. सुंभ जळला तरी जात नाही तो पीळ. पिळणारा हात कधीच निघून गेलेला असतो. टॉर्क म्हणजे तो हात. शाफ्टला पीळ पडतो, पण तो टॉर्कमुळे. कारण आणि परिणाम या दोघांना एकच नाव दिलं, तर हेच वाक्य लिहिता येणार नाही.

‘आघूर्ण’ हिंदी पाठ्यपुस्तकांतला. मराठी परिभाषेत त्या जागी ‘परिबल’ आहे. ‘निरूढी परिबल’ (मोमेंट ऑफ इनर्शिया) शिकलेल्यांना आठवेल. शब्द नेमका आणि चांगला आहे, पण बाइकच्या लेखात तो आला की वाचक ब्रेक मारतो.

बोलण्यात लोक ‘पिकअप’ आणि ‘दम’ म्हणतात. ‘खालच्या आरपीएमला दम नाही’ हे मला फार आवडतं, कारण कमी फेऱ्यांना टॉर्क अपुरा पडणं म्हणजे नेमकं हेच. ‘पिकअप’ मात्र टॉर्कचा पर्याय नाही. त्यात गिअरचं गुणोत्तर आणि गाडीचं वजनही आलं.

मी ‘टॉर्क’च ठेवतो, पुल्लिंगी. तुमचं वाक्य मग असं होईल: ‘१०,५०० आरपीएमला हे इंजिन ६१.७ न्यूटन-मीटर टॉर्क देतं.’ फेऱ्यांचा आकडा गाळू नका.