दोन ट्रान्सपोर्ट कंपन्या एक झाल्या, आता दाद कोठे मागायची?

प्रश्न: आमचा बेदाणा कोलकात्याला नेणाऱ्या दोन ट्रान्सपोर्ट कंपन्यांपैकी एकीने दुसरी विकत घेतली आणि महिनाभरात पेटीमागे भाडे वाढवले. अशा व्यवहाराला सरकारची परवानगी लागत नाही का? जुन्या कंपनीच्या बिल्टीवरील (माल पाठवल्याच्या पावतीवरील) तुटीचा दावाही अडकला आहे.
— एक व्यापारी, तासगाव (जि. सांगली)

उत्तर: परवानगी लागते, पण मोठ्या व्यवहारांना. स्पर्धा कायदा, 2002 नुसार ठरावीक मर्यादेपलीकडचे विलीनीकरण भारतीय स्पर्धा आयोगाच्या मंजुरीशिवाय पूर्ण करता येत नाही. मात्र विकल्या जाणाऱ्या कंपनीची भारतातील मालमत्ता 450 कोटींपेक्षा किंवा उलाढाल 1,250 कोटींपेक्षा जास्त नसेल, तर सहसा सूट मिळते. सप्टेंबर 2024 पासून 2,000 कोटींवरील सौद्यांना, कंपनीचा भारतात पुरेसा व्यवसाय असल्यास, ही सूट मिळत नाही. डेल्हिवरी या माल पोहोचवणाऱ्या कंपनीने ईकॉम एक्सप्रेस ही तशीच कंपनी सुमारे 1,400 कोटींना घेतली, तो व्यवहार 2025 मध्ये आयोगापुढे गेला होता. आपल्याकडे बहुतेक ट्रक चार-पाच गाड्यांच्या मालकांचे आणि माल जमवणारे हुंडेकरीही लहानच; त्यामुळे तुम्हाला खरोखर जाच होतो तो व्यवहार आयोगाच्या टेबलावर पोहोचतच नाही. ही उणीव आहे, असे माझे मत आहे.

तरीही आयोगाचे दार बंद होत नाही. एखाद्या मार्गावर वर्चस्व असलेल्या कंपनीने अवाजवी भाडे लावल्यास कलम 4, आणि वाहतूकदारांनी संगनमताने दर ठरवल्यास कलम 3 लागू होते. पण नुसती भाडेवाढ म्हणजे गैरवापर नव्हे. सांगली-मिरजेहून कोलकात्याचा माल घेणारे आणखी दोन-तीन हुंडेकरी असतील, तर वर्चस्व सिद्ध करणे अवघड जाईल. म्हणून आधी त्यांचे लेखी दर मागवा.

दाव्याचे उत्तर सौदा कसा झाला यावर अवलंबून आहे. कंपनी कायद्याखाली न्यायाधिकरणाने मंजूर केलेल्या योजनेतून विलीनीकरण झाले असेल, तर योजनेनुसार जुनी देणी नव्या कंपनीकडे येतात. केवळ गाड्या आणि गोदाम विकले असेल, तर देणेकरी सहसा जुनीच कंपनी राहते. तुम्ही दोन्ही कंपन्यांना नोंदणीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि सोबत बिल्टीची प्रत व कोलकात्याच्या आडत्याने पोच देताना लिहिलेला तुटीचा शेरा जोडा. रस्ते माल वाहतुकीच्या 2007 च्या कायद्यानुसार ही नोटीस माल बुक केल्याच्या तारखेपासून 180 दिवसांत द्यावी लागते. माल पोहोचल्याची तारीख धरू नका.