सोलापुरात राहून नेमबाजी करायची आणि रायफलही स्वतःच घडवायची, असं जमतं का? कसं असतं ते आयुष्य?

जमतं, पण अर्धंच. मी एअर रायफल बनवत नाही, तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, बनवतो. नळी आणि चापाची यंत्रणा जर्मनीची, लाकूड माझं. अख्खी बंदूक बनवायला शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवाना लागतो, त्यामुळे 'लेथ आहे, करून बघू' हा विचार डोक्यातून काढा.

अक्कलकोट रोडला आमची सुतारकामाची शेड आहे. रात्री शटर ओढलं की तिथेच दहा मीटर मोजून कागद लावतो. शेजारी यंत्रमाग रात्रभर खडखडत असतात, छऱ्याचा आवाज ऐकतोय कोण! कागदावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे पेनपेन्सिलीच्या शिशाएवढा. छरा साडेचार मिलिमीटरचा, त्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा. स्पर्धेत ७५ मिनिटांत असे ६० बार. दशांश धरून एका बाराला कमाल १०.९, म्हणजे जास्तीत जास्त ६५४ गुण होतात. हे सगळं कॅनव्हासचं ताठ जाकीट घालून करायचं. आमच्या मे महिन्यात ते जाकीट म्हणजे भट्टीच. मी एप्रिल-मेमध्ये पहाटे साडेपाचला सराव उरकतो.

खरी गंमत वेगळीच आहे. नुसत्या नेमबाजाचा बार चुकला की तो पाय बघतो, श्वास बघतो. माझा बार चुकला की हात आधी कानशीकडे जातो. एकदा छरे सारखे डावीकडे जायला लागले. तीन रात्री मी दस्त्यावरची गाल टेकवायची गालपट्टी घासली, पुन्हा चिकटवली, पुन्हा घासली. बायको म्हणाली, "आता लाकूड उरलंय का बघा." शेवटी रबर लावून रायफल वाईसमध्ये, म्हणजे टेबलाच्या लोखंडी पकडीत, धरली आणि पाच बार सोडले. पाचही एकाच भोकात! दोष माझ्या डाव्या पावलाचा होता, दोन बोटं पुढे पडत होतं. तेव्हापासून नियम केला: वाईसला विचारल्याशिवाय कानशी हातात घ्यायची नाही.

पण दरवेळी नेमबाजच चोर नसतो हं. सोलापूरच्या कोरड्या हवेत बसवलेला दस्ता पावसाळ्यात पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर नेला तर लाकूड फुगतं, स्क्रूचा ताण बदलतो, नेम सरकतो. म्हणून यंत्रणा जिथे टेकते तिथे आता इपॉक्सीचा थर देतो. याच कटकटीमुळे बहुतेक जण ॲल्युमिनियमच्या दस्त्याकडे वळलेत, आणि त्यांचं काही चुकत नाही. मला लाकडाचा नाद आहे, एवढंच.

दोन्ही अंगं पुरती असलेला माणूस बघायचा तर अमेरिकेतला हॅरी पोप (१८६१–१९५०). आतून आठ पीळदार खाचांच्या नळ्या स्वतः कापायचा आणि त्यांनीच स्पर्धाही मारायचा. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात त्याचं दुकान गेलं, तरी पुढे जर्सी सिटीत पुन्हा नळ्या कापत बसला.

पोट यावर भरत नाही. दस्त्याचं काम वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं, बाकी दारं-खिडक्याच. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य मिळवल्यावर मात्र पोरं चौकशीला यायला लागली. त्यांना सांगतो तेच तुम्हालाही सांगतो: आधी सहा महिने क्लबच्या रायफलीवर घालवा, मग लाकूड घ्यायला या. आणि गड्ड्याच्या जत्रेत फुगे फुटले नाहीत म्हणून नाउमेद होऊ नका, तिथल्या बंदुकीची नेम धरायची माशीच वाकडी असते.