रकान्यात न बसणारा मुलगा

प्रश्न: ताई, मी २९ वर्षांची, नाशिकला असते. विवाह मंडळाच्या फॉर्मवर अपेक्षा लिहिल्या: इंजिनिअर, स्वतःचा फ्लॅट, उंची पाच-नऊच्या पुढे. तशी सात स्थळं पाहिली, एकही मनात भरलं नाही. आणि ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा, यातलं काहीच नसलेला मुलगा दोन वर्षांनी आवडायला लागलाय. हे प्रेम, की रोज दिसतो म्हणून लागलेली सवय?

उत्तर: अगं, सवयीला इतकं हिणवू नकोस. बोसार्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने फिलाडेल्फियातल्या पाच हजार विवाह परवान्यांवरचे पत्ते ताडून पाहिले आणि १९३२ साली छापलं, की तिसरा हिस्सा जोडपी लग्नाआधीपासून एकमेकांपासून पाच चौकांच्या आतच राहत होती. मोरलँड आणि बीच या मानसशास्त्रज्ञांचा १९९२चा प्रयोग तर मी वर्गात दरवर्षी शिकवायचे. दिसायला साधारण सारख्या चार मुली. एक वर्गात १५ वेळा येऊन बसली, दुसरी १० वेळा, तिसरी ५, चौथी आलीच नाही. कुणाशी बोलायचं नाही, हा नियम. सत्र संपताना फोटो दाखवले, तर जास्त वेळा आलेली जास्त आवडली. गंमत म्हणजे तिला आपण पाहिलंय, हे मुलांच्या फारसं लक्षातही नव्हतं.

आता तुझा फॉर्म. ईस्टविक आणि फिंकेल या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली छापलेल्या अभ्यासात काही मिनिटांच्या ओळख-भेटी घडवल्या. जोडीदार देखणा हवा की कमावता, हे मुलामुलींनी आधी सांगितलेलं होतं. प्रत्यक्षात कोण आवडलं, याचा त्या उत्तरांशी मेळ बसला नाही. (माझ्या यादीत ‘गाणारा’ होता. लग्न झालं ते वाड्यातल्या नळावर रोज माझ्या मागे बादली लावणाऱ्याशी. आरतीतही सूर चुकतो त्याचा.)

पण फ्लॅटची अट मी खोडायला सांगणार नाही, घरभाडं खरं असतं. उंचीची खोड. आणि रोज दिसण्याने ओढ लागते, स्वभाव कळत नाही. नळावर मला नवरा शांत वाटला होता. तो झोपेत असायचा, हे लग्नानंतर कळलं. तेव्हा त्याला टेबलाबाहेर बघ. रविवारी भेट, पैशांबद्दल विचार, एकदा मतभेद होऊ दे. आणि त्यालाही तू आवडतेस का, हे पत्रात कुठेच नाही. आधी ते विचारून घे.