कराटेच्या दोन क्लासमध्ये स्टान्स (उभं राहण्याची पद्धत) वेगवेगळा का शिकवतात? बरोबर कोणाचा?

दोघंही बरोबर असतील, आधी स्टाईल कुठली ते विचारा. शोतोकानमध्ये झेनकुत्सु-दाची (पुढच्या पायावर वजन टाकलेला स्टान्स) लांब आणि खोल असतो, पुढचा गुडघा चांगला वाकलेला, मागचा पाय ताठ, कारण त्यांना लांबून झेप घेऊन मारायचं असतं. गोजु-र्यूवाले जवळून भिडतात, म्हणून त्यांचा सांचिन-दाची आखूड, पावलं आत वळलेली, मांड्या आवळलेल्या. गंमत म्हणजे मूळ दोन्हींचं जपानच्या ओकिनावा बेटावरच, शोतोकानचे जनक फुनाकोशी १९२२ मध्ये टोकियोला गेले तेव्हा स्टान्स बरेच उंच होते, जुन्या फोटोंत दिसतंच की, ते खाली गेले त्यांच्या मुलाच्या, योशिताकाच्या पिढीत.

मुए थाईत (थाई बॉक्सिंगमध्ये) एवढं खाली बसलात तर लो-किकने मांडी सुजेल, तिथे उंच उभं राहून पुढचा पाय हलका ठेवतात, चटकन उचलून किक अडवता यावी म्हणून. आणि हो, तोच शोतोकानवाला कुमितेला, म्हणजे समोरासमोर लढतीला, उतरला की काताइतका (ठरावीक हालचालींचा एकट्याने करायचा सराव) खाली बसत नाही, उड्या मारत हलतो.

बाकी उंची, कंबर किती मोकळी, गुडघ्याचं जुनं दुखणं यानेही फरक पडतोच. माझा झेनकुत्सु चाळिशीनंतर चांगला वीतभर आखूड झालाय, सर बघून न बघितल्यासारखं करतात.