दसरा-दिवाळीच्या तोंडावर: भिंतीचा लोणा, काळी मेंदी आणि काशाची वाटी

नवरात्र जवळ आलं की तुमच्या पत्रांचा ढीग लागतो आणि सगळ्यांचं म्हणणं साधारण एकच असतं, पाऊस संपला, घर कळकट दिसतंय, आपणही कळकट दिसतोय, दिवाळीपर्यंत दोन्ही चकाचक करून द्या. बघूया किती जमतंय.

ताई, आम्ही डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बेडरूमची पश्चिमेची भिंत पावसात पार कामातून गेलीये. पोपडे आलेत, खाली पांढरी पावडर पडते, कपाटामागे काळे ठिपके. दिवाळीआधी टेक्सचर पेंट करायचाय, कुठला घेऊ? मिस्टर म्हणतात वॉलपेपर लाव, प्रश्न मिटला.

मिस्टरांना म्हणावं, ओल्या भिंतीला वॉलपेपरची खळ लावली की बुरशीला आयतं जेवणाचं ताट वाढल्यासारखं होतं. हे मी स्वतः भोगलंय, हसू नका. एका वर्षी गणपतीच्या आठ दिवस आधी हॉलची ओली भिंत घाईघाईत रंगवून घेतली, छान फिकट पिवळी, आलेल्या गेलेल्या सगळ्यांनी कौतुक केलं आणि घटस्थापनेपर्यंत भिंतीवर पुरीसारखे टम्म फुगे. रंगाचे पैसे गेले ते गेलेच, वर खरवडायची मजुरी वेगळी.

तर आधी तुझ्या भिंतीवर काय काय आहे ते ओळख, कारण तुझ्याकडे दोन वेगळे आजार दिसतायत. खाली पडते ती पांढरी पावडर म्हणजे लोणा, विटा-सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात आणि पाणी उडून गेलं की वर राहतात. चिमूटभर घेऊन पाण्यात टाक, विरघळली तर लोणाच. तो कोरड्या ब्रशने झाडायचा, ओल्या फडक्याने पुसलास तर क्षार परत भिंतीत जातात आणि महिन्याभराने पुन्हा हजर. काळे ठिपके मात्र बुरशीचे, ते कपाटामागे आहेत कारण तिथे वारा नाही.

आता ओल येते कुठून? सोपी युक्ती आहे. जाड प्लॅस्टिकचा वहीएवढा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून हवाबंद चिकटव आणि दोन दिवस विसरून जा. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आत, म्हणजे भिंतीच्या बाजूने आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूने आले तर खोलीतलीच दमट हवा भिंतीवर बसतेय, घरात दोरीवर वाळणारे कपडे, दारं बंद करून केलेला स्वयंपाक वगैरे. आपल्याकडे पावसाचा वारा नैऋत्येकडून येतो त्यामुळे पश्चिमेची भिंत सगळ्यात जास्त मार खाते, माझा अंदाज बाहेरच्या प्लॅस्टरला किंवा खिडकीखाली भेग असणार. तसं असेल तर ते काम सोसायटीचं, लेखी अर्ज दे आणि पोच घे, जिन्यात सेक्रेटरींना तोंडी सांगितलेलं जिन्यातच राहतं.

बुरशी काढायला पातळ केलेलं ब्लीच चालतं पण खिडक्या उघड्या, हातात ग्लोव्हज, तोंडावर मास्क. आणि एक गोष्ट ठळक अक्षरात वाच, ब्लीच आणि टॉयलेट क्लीनरचं ॲसिड कधीही एकत्र करायचं नाही, व्हिनेगरही नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो छातीत भरतो. दिवाळीच्या सफाईत बाथरूम घासताना बायका "दोन्ही मिळून जास्त निघेल" म्हणून हेच करतात.

रंग ह्या दिवाळीला नकोच. भेग बुजव, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ, ऑक्टोबर हीट भिंतीला मनसोक्त खाऊ दे आणि जानेवारीत रंग लाव. तोवर त्या भिंतीपुढे हवं तर आईची जुनी गोधडी अंतर ठेवून टांग, पाहुणे भिंत विसरून गोधडीबद्दल विचारतील.

सासूबाई रोज रात्री काशाच्या वाटीने तळपाय घासतात आणि तळवे काळे झाले की म्हणतात बघ किती उष्णता निघाली. खरंच निघते का? नाशिक.

नाही गं. कासं म्हणजे तांबं आणि कथील, वाटी तेला-तुपात घासली की धातूची बारीक झीज तेलात आणि घामात मिसळते आणि काळं दिसतं. उष्णता बाहेर पडली तर ती काळी कशाला दिसेल! पण सासूबाईंना हे सांगायला जाऊ नकोस. झोपण्याआधी दहा मिनिटं कुणी तळपाय चोळले की झोप छान लागते, भेगा मऊ होतात, एवढं पुरे आहे की. उलट एक दिवस तू त्यांचे घासून दे, एक दिवस त्या तुझे. फक्त नंतर पाय पुसा, तेलकट तळव्याने फरशीवरून घसरलेल्या दोन जणी मला माहितीयेत. सासूबाईंना डायबेटीस असेल आणि पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर मात्र जोरात घासणं नको, खरचटलेलं कळत नाही.

वय 46, ठाणे. डाय नको म्हणून मी गेली तीन वर्षं पाकिटातली "काळी मेंदी" लावते. यावेळी कपाळावर आणि कानामागे खूप खाज सुटली, डोळे थोडे सुजले. मेंदी तर नॅचरल असते ना?

मेंदी नॅचरल असते, काळी नसते. मेंदीच्या पानाचा रंग केशरी-तांबडा, ती कितीही वेळ लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवली तरी पांढऱ्या केसावर काळीकुट्ट बसत नाही. पाकीट लावल्यावर अर्ध्या तासात केस कोळशासारखे होत असतील तर त्यात बहुतेक पीपीडी आहे, म्हणजे डायमध्ये असतो तोच रंग, वर मेंदीच्या पानाचं चित्र. पाकिटाच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात पॅरा-फिनिलीनडायमाइन, म्हणजे पीपीडीचं पूर्ण नाव, लिहिलंय का बघ, चष्मा लावून बघ.

तुला झालंय ती ॲलर्जी वाटते आणि हिचं वाईट असं की ती एकदा लागली की सहसा जन्माची लागते, पुढच्या वेळी जास्त भडकते. त्यामुळे ते पाकीट आणि कुठलाही पीपीडीवाला डाय आता बंद, "थोडंसं लावून बघते" पण नाही, आणि ह्यावेळची सूज स्किनच्या डॉक्टरांना दाखव. श्वासाला त्रास झाला तर घरी थांबायचंच नाही, थेट हॉस्पिटल.

मग करायचं काय? दोन टप्प्यांचं काम आहे, रविवार जाईल. आधी साधी मेंदी, पुडीवर फक्त मेंदी लिहिलेली, रात्री भिजवून सकाळी लावायची, दोन तासांनी धुवायची, शॅम्पू नाही. मग निळीच्या पानांची पावडर, कपड्यांची नीळ नव्हे हां, एकीने खरंच ती विचारली होती! ही नीळ कोमट पाण्यात कालवून लगेच लावायची, मेंदीसारखी रात्रभर ठेवली की तिची ताकद जाते. तास-दीड तासाने धुतली की गडद तपकिरी ते काळा रंग येतो आणि पुढच्या दिवशी आणखी खुलतो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून 48 तास थांब, झाडपाल्याचीही ॲलर्जी असू शकते. किंवा मग सरळ पांढरे ठेव आणि छान कट कर. चांगला कट केलेले पांढरे केस आणि खणाचं ब्लाउज, ह्यापुढे मला तरी डाय फिका वाटतो.

मी 24 वर्षांची, मूळची परभणीची, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससी करतेय. जुलैत डेंगी झाला होता, आता केस मुठीमुठीने गळतायत, मुळासकट, टोकाला पांढरी गाठ दिसते. कांद्याचं तेल 800 रुपयांना मिळतंय, घेऊ का?

800 रुपये मेसच्या खात्यावर ठेव. मोठा ताप येऊन गेला की बरेचसे केस एकदम विश्रांतीत जातात आणि साधारण दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात, जुलैचा हिशोब तू आत्ता फेडतेयस. ती पांढरी गाठ म्हणजे मूळ निघालं असं नाही, विश्रांतीतला केस तसाच पडतो आणि खालचं बीज जागेवर असतं. एरवीही दिवसाला 50 ते 100 केस जातातच, आपण मोजत नाही इतकंच. बहुतेक जणींचं सहा महिन्यांत आपोआप सावरतं. कपाळाजवळ बारीक उभे केस दिसायला लागले की समज गाडी रुळावर आली.

तेवढ्यात एक कर, हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घे, कारण मेसचं जेवण आणि पाळी दोन्ही मिळून लोह खाली जातं आणि मग गळती थांबत नाही. जेवणावर लगेच चहा घेतेस ना? लायब्ररीतली सगळीच मुलं घेतात. चहाने जेवणातलं लोह अंगी लागत नाही, तासभर गॅप ठेव, उसळीवर लिंबू पिळ, घरून हळिवाचे लाडू मागव, आईला करायला आवडेलच. टक्कल दिसतील असे गोल चट्टे पडले तर मात्र वाट न बघता स्किनवाल्यांकडे जा.

आईची 40 वर्षांपूर्वीची पैठणी कपाटात आहे, कुबट वास येतोय आणि घडीवर रेशीम चिरलंय. दसऱ्याला नेसायची इच्छा आहे. छत्रपती संभाजीनगर.

वास जाईल, चीर जाणार नाही. पैठणी पूर्ण उलगडून पंख्याखाली, सावलीत, जुन्या सुती चादरीवर दोन दिवस पसर. उन्हात नाही, रंग उडतो. मग चिरलेल्या जागेखाली त्याच रंगाची पातळ नेट एखाद्या हाताने टाके घालणाऱ्या बाईंकडून लावून घे, मशीनच्या सुईने जुनं रेशीम आणखी फाटतं. नेसताना त्या घड्या निऱ्यांत ओढल्या जाणार नाहीत असं बघ आणि परफ्युम साडी नेसायच्या आधी अंगाला, जरीवर नाही.

ठेवताना मऊ मलमलच्या कापडात, डांबराच्या गोळ्या जरीजवळ अजिबात नकोत, वाळलेला कडुलिंब किंवा लवंगांची पुरचुंडी पुरते. हँगरवर टांगू नको, पदराच्या वजनानेच साडी फाटते. आणि तीन-चार महिन्यांनी घडी बदल. आपण घडी मोडणे म्हणतो ते पहिल्यांदा नेसण्याला, पण पैठणीची घडी न नेसतासुद्धा अधूनमधून मोडावी लागते, ती कायम एकाच रेषेवर राहिली म्हणूनच तुझी चिरलीये.

मी 31 मेला रिटायर झालो, सातारा. पहाटे चारला जाग येते, दुपारी दोन तास झोपतो. बायको म्हणते दिवसभर किचनमध्ये पायात पायात येता. मुलगी म्हणते बाबा तुमचा लूक बदला, टी-शर्ट घ्या. काय बदलू?

दादा, टी-शर्ट घ्या पण तो शेवटी. आधी दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, गजर लावून. दोन तास झोपल्यावर पहाटे चारला जाग येणारच, शरीर तरी किती झोपणार. दुपारी चारनंतर चहा नको. आणि उजाडल्यावर बाहेर पडा, तुमच्याकडे तर अजिंक्यतारा आहे, अर्धा सातारा सकाळी तिथे चढताना दिसतो. गुडघे कुरकुरत असतील तर अर्ध्यापर्यंत जा, बसा, गप्पा मारा, उतरा.

आता किचन. वहिनींची तक्रार तुम्ही तिथे असण्याची नसणार, तुम्ही तिथे सुपरवायझर असण्याची असणार. "गॅस बारीक कर", "डबा इथे का ठेवलास" हे तुमच्या ऑफिसातलं आहे, तीसेक वर्षं त्यांनी ते किचन तुमच्याविना चालवलंय. एक काम पूर्ण तुमच्या अंगावर घ्या, मंडई म्हणा, किंवा सकाळचा चहा, पातेलं घासण्यासकट. त्यात त्यांनी बोलायचं नाही आणि बाकीच्यात तुम्ही.

लूकचं म्हणाल तर ऑफिसच्या ढगळ पँटी टेलरकडे नेऊन कमरेला आणि घोट्याला बसवून घ्या, चष्म्याची फ्रेम बदला, कानावरचे केस काढायला न्हाव्याला सांगा. एवढ्यात मुलगी म्हणेल बाबा काय केलंत. मग टी-शर्ट, गडद निळा, कॉलर असलेला.

मागच्या अंकात तुम्ही पितळेची समई चिंचेत भिजवून ठेवा म्हणालात. रात्रभर ठेवली, आता तिच्यावर गुलाबी डाग आहेत. कोल्हापूर.

चूक माझी. मी "चिंच लावून ठेवा" लिहिलं आणि किती वेळ ते लिहिलंच नाही. पितळेत तांबं आणि जस्त असतं, आंबट जास्त वेळ राहिलं की आधी जस्त निघून जातं आणि वर तांब्याची लाली उरते. पाच-दहा मिनिटं चोळायचं, लगेच धुवायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, भिजत घालायचं नाही. तुमचे डाग पितांबरी किंवा बारीक राखेने हलक्या हाताने रोज थोडे घासा, हळूहळू निघतील, पॉलिशवाल्याकडे दिलीत तर एका दिवसात. माझ्या आईच्या निरांजनावर असाच एक डाग आहे, तोही मीच पाडलेला, आणि ती अजून आरतीला ते बोटाने दाखवते.